यष्ट्यांमागे कोण? कसोटी संघनिवडीतल्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

कसोटी जिंकायची तर वीस बळी घ्यावे लागतात. त्यासाठी पाच गोलंदाज खेळवायचे ठरले की सहाच जागा उरतात, आणि त्यातली एक यष्टिरक्षकाची असते. म्हणजे सहाव्या क्रमांकावर फलंदाजीला तोच येणार. तिथे येऊन थकलेल्या गोलंदाजीवर तुटून पडणारा माणूस हाताशी असेल तर पाच गोलंदाज परवडतात. नसेल तर एक गोलंदाज कमी करून फलंदाज वाढवावा लागतो. आक्रमक कसोटी क्रिकेटचा बराचसा हिशेब असा या एका जागेपाशी येऊन अडतो. धावगती, लवकर डाव घोषित करणं, चौथ्या डावातले धाडसी पाठलाग या गोष्टी पुढच्या. आधी निवड समितीला ठरवावं लागतं की यष्ट्यांमागे उत्तम हात हवेत की सहाव्या क्रमांकावर उत्तम बॅट.

या व्यवहारात एक अडचण आहे आणि ती शंभर वर्षांत बदललेली नाही. यष्टिरक्षकाने काढलेल्या धावा धावफलकावर दिसतात. त्याने सोडलेला झेल किंवा हुकवलेला यष्टिचीत मात्र कुठेच दिसत नाही. त्याची किंमत गोलंदाजाच्या पृथक्करणात जमा होते. त्यामुळे आकडे मांडून वाद घातला की फटकेबाज जवळपास नेहमीच जिंकतो.

१९३० च्या दशकातच इंग्लंडने हा कौल दिला होता. ज्याने पुढे यष्टिरक्षक म्हणून कसोटीत आठ शतकं काढली, त्या लेस एम्सला निव्वळ यष्टिरक्षणात सरस मानल्या जाणाऱ्यांच्या पुढे संधी मिळत गेली. आपल्याकडे साठच्या दशकात वेगळाच पेच होता: दोघेही फटकेबाज. जानेवारी १९६४ ची मद्रास कसोटी आज आठवते ती सलग २१ निर्धाव षटकांसाठी. पण त्याच सामन्यात सलामीला आलेल्या आपल्या यष्टिरक्षकाने, बुधी कुंदरनने, १९२ धावा कुटल्या आणि त्यातल्या १७० पहिल्याच दिवशी. तीनच वर्षांनी, जानेवारी १९६७ मध्ये, त्याच मद्रासला त्याच्या प्रतिस्पर्ध्याने, फारुख इंजिनियरने, वेस्ट इंडीजच्या तोफखान्यासमोर उपाहाराला नाबाद ९४ पर्यंत मजल मारली. एकाच जागेसाठी असे दोघे असणं ही चैन होती, आणि ती पुढे बराच काळ आपल्या वाट्याला आली नाही.

नव्वदच्या दशकात इंग्लंडने संघाचा तोल साधण्यासाठी आपला सर्वोत्तम यष्टिरक्षक जॅक रसेल पुन्हा पुन्हा बाहेर ठेवला आणि अॅलेक स्ट्युअर्ट या अव्वल फलंदाजाच्या हातात ग्लोव्हज दिले. डिसेंबर १९९५ मध्ये जोहान्सबर्गला बाहेरचा तो गडी आत आला. सामन्यात त्याने ११ झेल घेतले, तो विश्वविक्रम होता. मग शेवटच्या दिवशी २३५ चेंडू खेळून नाबाद २९ धावा काढल्या आणि कर्णधाराच्या साथीने हरलेली कसोटी वाचवली. तरीही पुढे जागा पक्की झाली नाही.

तो वाद एका अर्थाने ऑस्ट्रेलियाने १९९९ मध्ये मिटवून टाकला. ब्रिस्बेनला तिथल्याच लाडक्या इयन हीलीला घरच्या मैदानावर निरोपाचा सामना न देता नवा डावखुरा यष्टिरक्षक, अॅडम गिलख्रिस्ट, आणला गेला. पुढच्याच कसोटीत, होबार्टला, पाकिस्तानने ३६९ चं लक्ष्य दिलं आणि ऑस्ट्रेलिया ५ बाद १२६ अशी कोलमडली. तिथून या नवख्याने १६३ चेंडूंत नाबाद १४९ धावा फटकावल्या आणि सामना जिंकून दिला. तो निवृत्त झाला तेव्हा ९६ कसोटींत १७ शतकं आणि शंभर चेंडूंमागे ८२ च्या आसपास धावा असा हिशेब होता. शिवाय त्याचं यष्टिरक्षणही भक्कम होतं, हे त्यानंतर त्याच्यासारखा शोधायला निघालेले सगळेच संघ विसरले. उलटा विचार श्रीलंकेने केला. आपल्या सर्वात मोठ्या फलंदाजाच्या, कुमार संगकाराच्या, हातातून त्यांनी ग्लोव्हज काढून घेतले. यष्टिरक्षण करताना ४० च्या घरात असलेली त्याची सरासरी केवळ फलंदाज म्हणून खेळताना ६६ च्या पुढे गेली. या उदाहरणाची चर्चा व्हायला हवी होती तेवढी कधी झाली नाही.

आता आपल्याकडचा मुख्य वाद. जानेवारी २०१८ मध्ये केपटाउनला बंगालच्या यष्टिरक्षकाने, वृद्धिमान साहाने, सामन्यात १० झेल घेतले, तेव्हा भारतासाठी विक्रम. त्याला फलंदाजी येत नव्हती हा समज खरा नाही. २०१६ मध्ये सेंट लुशियाला संघ ५ बाद १२६ असताना त्याने शतक काढलं होतं आणि २०१७ मध्ये रांचीला ऑस्ट्रेलियाविरुद्ध ११७ धावा करताना पुजारासारख्या संयमी खेळाडूला तासनतास साथ दिली होती. पण केपटाउननंतर तो दुखापतीने बाहेर गेला, खांद्यावर शस्त्रक्रिया झाली, आणि त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ट्रेंट ब्रिजला दिल्लीकडून खेळणाऱ्या विशीतल्या डावखुऱ्याने, ऋषभ पंतने, कसोटीतल्या आपल्या दुसऱ्याच चेंडूवर षटकार मारून खातं उघडलं. ओव्हलला चौथ्या डावात शतक आलं. यष्ट्यांमागे मात्र त्या मालिकेत बाइज, म्हणजे यष्टिरक्षकाला न अडवता आलेल्या चेंडूंवरच्या धावा, बऱ्याच गेल्या. आणि मग डिसेंबरमध्ये अॅडलेडला याच पोराने ११ झेल घेऊन जोहान्सबर्गच्या विश्वविक्रमाशी बरोबरी केली. कच्चा म्हणावा तर हा आकडा आडवा येतो.

त्यातून तोडगा निघाला तो असा: परदेशात, जिथे यष्टिरक्षक मागे उभा राहतो आणि सहाव्या क्रमांकावर धावा लागतात, तिथे डावखुरा, मायदेशात, जिथे चेंडू हातभर वळतो आणि खाली राहतो, तिथे जुना जाणता. ऑक्टोबर २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध हा तोडगा अमलात आला आणि पुण्याच्या गहुंजे मैदानावर त्याचं उत्तर मिळालं. लेगसाइडला सूर मारून एका हातात घेतलेला झेल तिथे ज्यांनी पाहिला, त्यांना ग्लोव्हजची किंमत वेगळी समजावून सांगावी लागत नाही. माझ्या मते हा भारतीय संघव्यवस्थापनाने या प्रश्नावर घेतलेला सर्वात समंजस निर्णय होता.

तो त्यांनीच मोडला. डिसेंबर २०२० मध्ये अॅडलेडच्या दिवस-रात्र कसोटीत, म्हणजे परदेशात, बंगालचा यष्टिरक्षक खेळला. त्याआधीच्या सराव सामन्यात डावखुऱ्याने वेगवान शतक ठोकलं होतं, तरी. दुसऱ्या डावात भारत ३६ धावांत आटोपला. अकरापैकी एकालाही दोन आकडी धावसंख्या गाठता आली नाही. पुढच्या कसोटीत बदललेल्यांत यष्टिरक्षक होता. ३६ चा दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारता येत नाही, पण तो बदल निव्वळ शिक्षाही नव्हता. कर्णधार मायदेशी परतला होता आणि त्याच्या जागी फलंदाजाऐवजी अष्टपैलू घेऊन मेलबर्नला पाच गोलंदाज खेळवायचे ठरले होते. आता सहाव्या क्रमांकावर यष्टिरक्षक आणि सातव्यावर अष्टपैलू, मग यष्टिरक्षकाची बॅट निवडावीच लागली. ३६ वर बाद झालेल्या संघाने एक फलंदाज कमी करावा, याला धाडस लागतं. मेलबर्न आठ गडी राखून जिंकलं.

आणि मग सिडनी, जानेवारी २०२१. या वादातली दोन्ही टोकं एकाच सामन्यात समोरासमोर आली. पहिल्या दिवशी डावखुऱ्याने पदार्पण करणाऱ्या ऑस्ट्रेलियन सलामीवीराचे दोन झेल सोडले. तो ६२ पर्यंत पोहोचला. मग फलंदाजी करताना डावखुऱ्याच्या कोपरावर चेंडू आदळला. क्रिकेटच्या नियमांत २०१७ पासून बदली खेळाडूला पंचांच्या संमतीने यष्टिरक्षण करता येतं. त्यामुळे ऑस्ट्रेलियाच्या दुसऱ्या डावात ग्लोव्हज बंगालच्या जुन्या जाणत्याकडे आले आणि त्याने एकामागून एक झेल टिपले. धावफलकावर ते ‘बदली खेळाडू’ या नोंदीखाली आहेत. शेवटच्या दिवशी लक्ष्य ४०७, सकाळीच तिसरा गडी १०२ वर गेला, आणि दुखऱ्या कोपराने डावखुऱ्याला एक क्रमांक वर बढती मिळाली. ११८ चेंडूंत ९७. चौथ्या गड्यासाठी १४८ धावांची भागी, ज्यात दुसऱ्या टोकाला पुजारा एकेक चेंडू निगुतीने खेळून काढत होता. डावखुरा खेळत होता तोवर ऑस्ट्रेलिया क्षेत्ररक्षक मागे नेत होती. तो गेला आणि सामना वाचवायची वेळ आली, तेव्हा उरलेल्यांनी ती वेळ निभावली. त्याच दिवशी समोरच्या यष्टिरक्षक-कर्णधाराने तीन झेल सोडले, त्यातले दोन याच डावखुऱ्याचे. यष्ट्यांमागे जाणता आणि सहाव्या क्रमांकाच्या आसपास फटकेबाज, असा जो संघ कुठल्याही निवड समितीला कागदावर मांडता येत नाही, तो त्या कसोटीत एका दुखापतीमुळे प्रत्यक्ष मैदानावर होता. ब्रिस्बेनला नाबाद ८९ आल्यावर चर्चा संपली. त्या मालिकेच्या आठवणीत झेल सोडल्याचा दिवस राहिलेला नाही, आणि ते बदली झेलही नाहीत.

इंग्लंडमध्ये २०२३ च्या उन्हाळ्यात हेच घडलं, फक्त कारण अधिक उघड होतं. मधल्या फळीतला फटकेबाज जॉनी बेअरस्टो गोल्फच्या मैदानावर पाय मोडून बाहेर गेला होता. तो परतला तोवर त्याची जागा घेतलेला तरुण हॅरी ब्रूक धावांचे ढीग रचत होता. दोघांनाही खेळवायचं, तर बळी कोणाचा द्यायचा? देशातला सर्वोत्तम मानला जाणारा यष्टिरक्षक, बेन फोक्स, वगळला गेला. त्याने आदल्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध शतक काढलं होतं. एजबॅस्टनला इंग्लंडने पहिल्याच दिवशी ८ बाद ३९३ वर डाव घोषित केला, ज्यावर रकाने भरभरून लिहिले गेले. यष्ट्यांमागे सुटलेल्या संधींवर त्यामानाने कमी लिहिलं गेलं. ऑस्ट्रेलिया दोन गडी राखून जिंकली. मँचेस्टरला त्याच फटकेबाजाने ८१ चेंडूंत नाबाद ९९ केल्या, पाऊस आला, सामना अनिर्णित राहिला. मालिका २-२. पुढच्या हिवाळ्यात भारतातल्या खेळपट्ट्यांसाठी वगळलेला यष्टिरक्षक परत बोलावला गेला आणि मायदेशी परतल्यावर पुन्हा बाजूला झाला. त्याच्या जागी आलेला तरुण जेमी स्मिथ स्वतःच्या काउंटीत नियमित यष्टिरक्षणही करत नव्हता. त्याने २०२५ मध्ये एजबॅस्टनला भारताविरुद्ध नाबाद १८४ केल्या. इंग्लंड ती कसोटी ३३६ धावांनी हरलं.

आपल्याकडे डिसेंबर २०२२ च्या मोटार अपघातानंतर डावखुऱ्याची जागा दीड वर्षाहून अधिक काळ रिकामी राहिली, आणि ती भरताना एकामागून एक चार यष्टिरक्षक आजमावले गेले. चौथ्याने, ध्रुव जुरेलने, २०२४ च्या फेब्रुवारीत रांचीला ९० आणि नाबाद ३९ करून सामना जिंकून दिला. डावखुरा परतला, लीड्सला २०२५ मध्ये दोन्ही डावांत शतकं केली, तरी इंग्लंडने ३७१ चा पाठलाग पूर्ण केला. लॉर्ड्सला त्याच्या बोटाला मार बसला, यष्ट्यांमागे जुरेल उभा राहिला आणि जखमी बोटाने डावखुऱ्याने ७४ काढल्या. सिडनीचीच मांडणी, पुन्हा दुखापतीने घडवलेली.

नोव्हेंबर २०२५ मध्ये कोलकात्याला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध मग दोघांनाही अकरांत घेतलं गेलं, जुरेल निव्वळ फलंदाज म्हणून. संघात चार फिरकी गोलंदाज होते, त्यातला एक तिसऱ्या क्रमांकावर फलंदाजीला. चेंडू पहिल्या दिवसापासून विचित्र वागत होता. १२४ च्या लक्ष्यासमोर भारत ९३ वर बाद झाला. ग्लोव्हज डावखुऱ्याकडेच होते. २०१९ चा मायदेशातला तोडगा इथे लावावा, चार फिरकीपटूंसमोर हात कोणाचे हवेत हे फलंदाजीपासून वेगळं करून पाहावं, एवढी मोकळीक दोन यष्टिरक्षक अकरांत असताना मिळाली होती. ती वापरायचा विचार झाला असेल, तर त्याची चर्चा बाहेर ऐकू आली नाही.