तटस्थ आणि अलिप्त: टांझानियाने दाखवलेला फरक

'अलिप्ततावाद म्हणजे तटस्थता नव्हे' हे वाक्य नागरिकशास्त्राच्या पेपरात आपण सगळ्यांनी लिहिलंय. का नव्हे, हे मला नीट कळलं ते टांझानियाबद्दल वाचताना.

तटस्थता म्हणजे दुसऱ्यांच्या युद्धात कुणाच्याच बाजूने न उतरणं. स्वित्झर्लंडची तटस्थता युरोपातल्या सत्तांनी 1815 मध्ये मान्य केली, आणि हा देश संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला तो थेट 2002 मध्ये. अलिप्त देश कुठल्याही महासत्तेच्या लष्करी गटात नाव नोंदवत नाही, एवढंच. बाजू तो घेतो. फक्त कुणाची, हे प्रश्न समोर आल्यावर स्वतः ठरवतो.

टांगानिका 9 डिसेंबर 1961 रोजी स्वतंत्र झाला. 1964 मध्ये झांझिबार जोडलं गेलं आणि टांझानिया झाला. राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांचा हा देश गरीब होता, पण तेव्हाची राजधानी दार-ए-सलाममध्ये पोर्तुगीजांविरुद्ध लढणाऱ्या मोझांबिकच्या फ्रेलिमो संघटनेला आसरा होता आणि आफ्रिकी एकता संघटनेच्या मुक्ती समितीचं मुख्यालयही तिथेच होतं. पोर्तुगीज वसाहतवाद आणि वर्णभेद यांच्या बाबतीत टांझानिया एक दिवसही तटस्थ नव्हता.

बाजू स्वतः ठरवण्याची किंमत लगेच मोजावी लागली. झांझिबारने पूर्व जर्मनीला मान्यता दिली होती. पश्चिम जर्मनीला ते खपेना. न्येरेरेंनी मधला मार्ग काढला: पूर्व जर्मनीला दार-ए-सलाममध्ये वाणिज्य दूतावास चालेल, राजनैतिक मान्यता नाही. तरीही 1965 मध्ये बॉनने, म्हणजे पश्चिम जर्मनीच्या सरकारने, लष्करी मदत काढून घेतली. त्यावर न्येरेरेंनी उरलेली सरकारी मदतही घेऊन जा म्हणून कळवलं! मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. त्यांचं भांडण पूर्व जर्मनीसाठी नव्हतंच, आमचे मित्र आम्ही ठरवू, यासाठी होतं.

त्याच वर्षी ऱ्होडेशिया (आजचा झिम्बाब्वे) या ब्रिटिश वसाहतीतल्या अल्पसंख्य गोऱ्यांनी एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केलं. ब्रिटनने हे बंड मोडलं नाही तर संबंध तोडायचे, असा ठराव आफ्रिकी एकता संघटनेने केला. पाळला मोजक्याच देशांनी. टांझानियाने 15 डिसेंबरला संबंध तोडले आणि 75 लाख पौंडांचं ब्रिटिश कर्ज अडकलं. राष्ट्रकुल मात्र सोडलं नाही.

मग टांझानिया चीनच्या गोटात गेला का? झांबियाचं तांबं ऱ्होडेशियाला टाळून समुद्रापर्यंत न्यायला रेल्वे हवी होती. पाश्चात्त्यांनी ती परवडणार नाही म्हणून हात वर केले. चीनने बिनव्याजी कर्ज दिलं आणि 1970 ते 1975 या काळात दार-ए-सलाम ते कापिरी म्पोशी असा सुमारे 1,860 किलोमीटरचा मार्ग उभा राहिला. स्थानिक खर्चासाठीचा पैसा बराचसा चिनी माल दुकानांत विकून उभा करायचा, अशी सोय होती. सैन्याच्या प्रशिक्षणासाठी चिनी होते, तसे कॅनडाचे अधिकारीही होते. आणि याच रेल्वेच्या पट्ट्यात, जवळपास त्याच वर्षांत, झांबियाकडे जाणारा डांबरी महामार्ग बांधला जात होता, तो अमेरिकेच्या मदतीने.