रेंज आहे, नेट नाही: कोकणातल्या फायबरचा दुसरा रस्ता

जुलैच्या पावसात गुहागर किंवा देवगडच्या एखाद्या वाडीत फोनवर रेंज फुल दिसते, पण साधं वीजबिलाचं पान उघडायला पाच मिनिटं लागतात. फोन बिघडलेला नसतो आणि टॉवरही चालू असतो. रेंजच्या दांड्या सांगतात ते इतकंच, की तुमच्या फोनपासून टॉवरपर्यंतचा रस्ता ठीक आहे. टॉवरपासून पुढे तालुक्याला, तिथून जिल्ह्याला आणि तिथून मुंबईला जाणारा रस्ता कसा आहे, ते दांड्यांना कळत नाही. या मागच्या रस्त्याला बॅकहॉल म्हणतात. कोकणातल्या नेटची बहुतेक दुखणी तिथे आहेत.

मुंबईचं अंतर हे त्यातलं दुखणं नव्हे. १८७० साली समुद्राखालची तार एडनहून मुंबईला आली, १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं तेव्हाही मुंबई पहिल्या शहरांत होती, आणि आज परदेशातून येणाऱ्या अनेक समुद्री केबल वर्सोव्याच्या किनाऱ्यावर चढतात. म्हणजे देशाचं एक मोठं प्रवेशद्वार याच किनाऱ्याच्या उत्तर टोकाला आहे. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. रत्नागिरीहून मुंबईला जाऊन परत यायला त्याला साडेतीन मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. मधला रस्ता किती रुंद आहे आणि तो तुटला तर दुसरा आहे का, हे दोन प्रश्न खरे.

आधी रुंदीचं बघू. अजूनही अनेक टॉवर फायबरने नव्हे, तर मायक्रोवेव्हने जोडलेले आहेत. टॉवरवर लांबलचक उभ्या पेट्या दिसतात, त्या फोनसाठीचे अँटेना. त्यांच्या जवळ ढोलासारखी गोल डिश असते, ती समोरच्या डोंगरावरच्या दुसऱ्या डिशकडे नेम धरून असते. ही दुवा जोडणारी लहर अनेकदा १५ किंवा १८ गिगाहर्ट्झची असते. १५ गिगाहर्ट्झला तरंगलांबी २ सेंटिमीटर. पावसाचा टपोरा थेंब ५-६ मिलिमीटरचा, म्हणजे लहरीच्या मानाने दुर्लक्ष करण्याइतका लहान नाही. तो लहरीची ऊर्जा शोषतो आणि इकडेतिकडे उधळतो. तासाला १०० मिलिमीटर या वेगाने पाऊस कोसळत असेल तर १५ गिगाहर्ट्झच्या लहरीत किलोमीटरमागे सुमारे ८ डेसिबल घट होते. १० डेसिबल घट म्हणजे ताकद दहावा हिस्सा. पाच किलोमीटरच्या दुव्यावर सगळीकडे असा पाऊस असेल तर ४० डेसिबल, म्हणजे दहा हजारावा हिस्सा उरतो.

इतकं होऊनही दुवा सहसा लगेच तुटत नाही, कारण यंत्र शहाणपणाने माघार घेतं. कोरड्या हवेत ते एकेका ठोक्यात ८ बिट कोंबतं. पाऊस वाढला की ठोके गोंधळायला लागतात, मग ते ६ वर, ४ वर, शेवटी २ बिटांवर येतं. म्हणजे रस्ता एक चतुर्थांश रुंद राहिला. बोलणं चालू राहतं, कारण एका कॉलला सेकंदाला काही दहा किलोबिट पुरतात, व्हिडिओ अडकतो. आणि टॉवर फोनशी बोलतो ती लहर सहसा ७०० ते २३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांतली असल्याने तिच्यावर पावसाचा परिणाम जवळपास नसतो. म्हणून दांड्या भरलेल्याच दिसतात.

उपाय आहेत. ७ गिगाहर्ट्झला त्याच पावसात घट किलोमीटरमागे दोन डेसिबलच्या आत राहते, पण डिश मोठी लागते, मोठ्या डिशवर वारा जास्त बसतो आणि टॉवर तेवढा भक्कम लागतो. दुवा आखडता ठेवणं हा दुसरा उपाय. खाडी ओलांडणाऱ्या दुव्याला आणखी एक अडचण येते. लहरीचा काही भाग सरळ जातो, काही भाग पाण्यावर आपटून जातो, आणि दोन्ही पलीकडे एकत्र येतात. दोघांच्या वाटांतला फरक अर्ध्या तरंगलांबीने, म्हणजे जेमतेम एका सेंटिमीटरने बदलला की एकमेकींना साथ देणाऱ्या लहरी एकमेकींना मारायला लागतात. भरती-ओहोटीने पाण्याची पातळी सतत हलते, त्यामुळे पाणी ठरावीक पातळीला आलं की दुवा खचतो आणि पुन्हा सावरतो. तक्रारींची वेळ पंचांगातल्या भरतीशी जुळवून पाहिली तर हे लगेच उमगतं. अशा ठिकाणी एकाच टॉवरवर खाली-वर दोन डिश लावतात. एकीवर लहरी मारल्या गेल्या तरी दुसरीवर तशा जात नाहीत. किंवा डिशची उंची अशी निवडतात की लहर आपटण्याची जागा उघड्या पाण्याऐवजी कांदळवनावर यावी. झाडांचंही तसंच. १० किलोमीटरच्या दुव्याला मध्यावर सरळ रेषेभोवती सुमारे ७ मीटर त्रिज्येची जागा मोकळी हवी, निदान त्या त्रिज्येच्या साठ टक्क्यांपर्यंत. नजरेला समोरचा टॉवर दिसतो तेवढं पुरत नाही. सुरूची रांग पाच-सहा वर्षांत त्या जागेत शिरते.

खरा उपाय फायबरच. एका तंतूचा प्रकाश वाहणारा गाभा ९ मायक्रॉनचा, त्याभोवतीच्या काचेसह व्यास १२५ मायक्रॉन. १५५० नॅनोमीटरच्या अदृश्य प्रकाशाला किलोमीटरमागे फक्त ०.२ डेसिबल घट. ८० किलोमीटर गेल्यावरही चाळिसावा हिस्सा उरतो आणि तो वाचायला पुरेसा असतो. पावसाशी या काचेचं वैर नाही. तिचं वैर आहे कोकणच्या जमिनीशी आणि त्या जमिनीवर चालणाऱ्या जेसीबीशी.

साध्या मातीत चर १६५ सेंटिमीटर खोल घ्यायचा, तळाला ४० मिलिमीटर व्यासाची प्लॅस्टिकची डक्ट टाकायची आणि नंतर कॉम्प्रेसरच्या हवेने तिच्यातून केबल फुंकायची, ही नेहमीची रीत. कोकणात सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, हात-दीड हातावरच जांभा लागतो. जांभा ताजा असताना चिरे पाडण्याइतका मऊ असतो, उघडा पडून हवा लागली की कडक होतो. सड्याच्या पृष्ठभागावर तो कडक झालेलाच असतो. खाली काळा कातळ आला तर ब्रेकर लावावा लागतो. खडकात कमी खोलीची मुभा असते, पण मग डक्टवर लोखंडी पाइप किंवा काँक्रीटचं आवरण हवं. हे आवरण टाळलं की काय होतं ते दोन पावसाळ्यांत दिसतं: रस्त्याकडेचं गटार चराची भुसभुशीत माती धुऊन नेतं, काळी डक्ट उघडी पडते, आणि पुढच्या खेपेला गटार साफ करणारं यंत्र तिला उचकटून काढतं. डक्टची तोंडं बुचाने बंद केली नाहीत तर आत गाळ बसतो. मग केबल फुंकताना मध्येच अडकते आणि तेवढा भाग पुन्हा खणावा लागतो.

केबल तुटली कुठे हे शोधण्याचं यंत्र म्हणजे ओटीडीआर. ते तंतूत प्रकाशाचा ठोका सोडतं आणि काचेतून मागे परतणारा अंधूक उजेड मोजतं. जाऊन-येऊन १ किलोमीटरला १० मायक्रोसेकंद, या हिशेबाने तुटीचं अंतर निघतं. पडद्यावर १४.२ किलोमीटर दिसलं म्हणून रस्त्याने गाडीचं मीटर लावून १४.२ किलोमीटरवर खणू नये. प्रत्येक जोडाजवळ काही मीटर केबल गुंडाळून ठेवलेली असते, आणि केबलच्या आतला तंतू केबलपेक्षा थोडा लांब असतो. जोडांची नोंदवही नीट ठेवली असेल तर शेवटच्या ओळखीच्या जोडापासून मोजता येतं. तशी वही नसेल तर भर पावसात चार ठिकाणी खड्डे पडतात.

याच यंत्राचा आणखी एक उपयोग मला फार मोलाचा वाटतो. तोच तंतू १३१० आणि १५५० नॅनोमीटर अशा दोन्ही प्रकाशांनी तपासायचा. एखाद्या जागी १५५० ला घट बरीच जास्त आणि १३१० ला कमी दिसली, तर तिथे काच तुटलेली नाही, केबल वाकली किंवा दबली आहे. घाटात दरड हळूहळू सरकत असते तेव्हा केबल ताणली जाते आणि ही खूण आधीच दिसू शकते. दर आठवड्याला मोजणी झाली तर तुटण्याआधी माणूस पाठवता येतो.

जोड देण्याचं काम नाजूक. तंतूवरचं आवरण सोलायचं, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा, टोक बरोबर काटकोनात कापायचं, मग स्प्लायसिंग यंत्रात विजेच्या ठिणगीने दोन टोकं वितळवून जोडायची. चांगल्या जोडाची घट ०.०५ डेसिबलच्या आसपास. कोकणच्या दमट हवेत यंत्राच्या आरशांवर बाष्प धरतं आणि टोकं तिरकी दिसतात, म्हणून पावसात छत्रीखाली जोड देऊ नये, बंद तंबू किंवा गाडी वापरावी. २४ तंतूंच्या केबलला सगळं नीट झालं तरी काही तास जातात. तेवढा वेळ तालुका अंधारात राहायचा नसेल तर दुसरा रस्ता हवा.

या दुसऱ्या रस्त्याला रिंग म्हणतात. गावं एका रेषेत जोडली तर मध्ये एक घाव बसला की पुढची सगळी गावं गेली. तीच केबल फिरवून पहिल्या टोकाला आणली, की एका बाजूने तुटल्यावर यंत्रं साधारण ५० मिलिसेकंदांत दुसऱ्या बाजूने वाहतूक वळवतात; फोनवर बोलणाऱ्याला कळतही नाही. २०११ साली मंजूर झालेल्या, पुढे भारतनेट नाव मिळालेल्या योजनेत ग्रामपंचायती बऱ्याच ठिकाणी रेषेतच जोडल्या गेल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेटमध्ये तालुक्यापासून ग्रामपंचायतींपर्यंत रिंग करायचं ठरलं आहे. निर्णय योग्य आहे. पण कोकणचा आकार रिंगला अनुकूल नाही. एका बाजूला समुद्र, दुसरीकडे सह्याद्री, मध्ये अरुंद पट्टी, आणि तिच्यातून जाणारा मुख्य रस्ता एकच, मुंबई-गोवा महामार्ग. चौपदरीकरणाचं खोदकामही त्याच रस्त्यावर.

रिंग बंद करायची तर घाट चढावा लागतो: कुंभार्लीने कराडला, आंब्याने कोल्हापूरला, आंबोलीने बेळगावला. आणि इथे एक सापळा आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. त्याच पावसात आंबा घाटात रस्ता खचला आणि पलीकडे पंचगंगेच्या पुराने कोल्हापूर अडकलं. घाटमाथ्यावर पडलेला पाऊस दोन्ही उतारांनी खाली येतो, त्यामुळे रिंगचे दोन्ही हात एकाच दिवशी धोक्यात येतात. नकाशावर दोन स्वतंत्र दिसणाऱ्या वाटा एकाच पावसाच्या तोंडी असतात. दुसऱ्या प्रकारचा सापळा लहान पण जास्त वेळा दिसणारा: जाणारी आणि येणारी केबल एकाच चरात, किंवा एकाच पुलाच्या कठड्याला बांधलेल्या लोखंडी पाइपात. कागदावर ती रिंग असते, जेसीबीच्या एका दातासमोर ती एकच तार असते.

म्हणून कोकणात तिसरा हात वेगळ्या जातीचा हवा. कोकण रेल्वेच्या रुळालगतही फायबर आहे. ७४१ किलोमीटरचा हा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण खुला झाला, त्यावर ९१ बोगदे आहेत, आणि रेल्वेच्या हद्दीत कुणी परस्पर खणत नाही. रिंगचा एक हात रस्त्याने, एक रेल्वेने, आणि जिथे दोन्ही एकाच खोऱ्यात येतात तिथे डोंगरमाथ्यावरून एक मायक्रोवेव्ह उडी, अगदी बारीक का होईना: निदान कॉल, रुग्णवाहिका आणि बँकेचे व्यवहार तेवढ्यावर चालतात.

मग विजेचं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर भागात किनाऱ्यावर आलं. दापोली, मंडणगडपर्यंत माड-पोफळी आणि विजेचे खांब आडवे झाले. खांबांवरून नेलेलं फायबर त्यांच्याबरोबर गेलं. जमिनीखालचं शाबूत असलं तरी टॉवर काही तासांत मेले, कारण बॅटरी संपली. टॉवरची यंत्रं ४८ व्होल्टवर चालतात. दीड किलोवॉटचा भार असेल तर प्रवाह ३१ अँपिअर. ६०० अँपिअर-तासांचा संच कागदावर १९ तास पुरतो. पण शिसं-आम्लाच्या बॅटरीचं आयुष्य दर १० अंश जादा तापमानाला सुमारे निम्मं होतं, आणि पत्र्याच्या खोलीत मे महिना काढलेला संच प्रत्यक्षात त्याच्या निम्मेही देत नाही. पुढे डिझेल जनरेटर, आणि डिझेल नेणारी वाट पडलेल्या झाडांनी बंद. मेअखेरीस बॅटरी भाराखाली तपासणं आणि टाकी भरून ठेवणं हे काम शेतीच्या पेरणीपूर्व कामांइतकंच वेळेवर व्हायला हवं. खांबांवरच्या केबलला उन्हाळ्यातही धोका असतो: भाजावळीची आग गडग्यापलीकडे गेली की खाली झोळ पडलेली केबल वितळते.

घरात फायबर असेल तर पेटीवरचा एलओएसचा लाल दिवा बघा. तो लागला तर प्रकाशच येत नाही, पेटी बंद-चालू करून उपयोग नाही. लाल दिवा लागलेला नसूनही नेट रखडत असेल तर तंत्रज्ञाला पॉवर मोजायला सांगा. उणे २७ डीबीएमच्या पलीकडे गेलेला आकडा चालत नाही, उणे २२ च्या आसपासचा उत्तम. ३२ घरांना वाटणारा एकटा स्प्लिटरच १७ डेसिबल खातो, त्यामुळे कपाटामागे दुमडलेली केबलसुद्धा भारी पडते. घरात शिरण्याआधी केबलला खाली झोका द्या, म्हणजे पाणी तिथून गळून जाईल. तुटक्या टोकात डोळा लावून पाहू नका, तो प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला इजा करू शकतो. वळवाच्या विजांत काच सुरक्षित असते; जळतो तो ॲडॉप्टर, तो काढून ठेवा.

आणि ग्रामपंचायतीकडे खोदाईच्या परवानगीचा अर्ज येतो तेव्हा तीन गोष्टी मागून घ्याव्यात. चराची खोली आणि खडकात वापरणार असलेलं आवरण. काम झाल्यावर जोडांच्या जागांचा नकाशा, पंचायतीच्या दप्तरी. आणि रिंगचे दोन्ही हात नदी कोणत्या पुलांवरून ओलांडतात त्यांची नावं. विहीर, नळपाणी किंवा रस्त्यासाठी पंचायत स्वतः खणणार असेल तर मार्च २०२३ मध्ये सुरू झालेल्या 'कॉल बिफोर यू डिग' या सरकारी ॲपवर आधी नोंद करावी. केबलच्या मालकाला तिथून सूचना जाते आणि तो माणूस जागा दाखवायला येऊ शकतो.