‘ट्यूब गेली’ म्हणजे नेमकं काय जातं?
आमच्या एक्स-रे मशीन ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पुसद, दिग्रस, आर्णी, उमरखेड या भागातून फोन येतो तेव्हा पहिलं वाक्य बहुतेक एकच असतं : “ट्यूब गेली, लवकर या.” जाऊन पाहिलं तर पुष्कळदा ट्यूब शाबूत असते, केबल, हँडस्विच किंवा नुसतं व्होल्टेज दगा देत असतं. आणि जिथे ट्यूब खरंच गेलेली असते, तिथे ती बहुधा एका दिवसात गेलेली नसते. महिनोन्‌महिने उष्णतेने ती आतून खाल्लेली असते. मशीनमधल्या सगळ्यांत महागड्या वस्तूंपैकी ही एक. म्हणून ती आत काय करते ते एकदा समजून घ्या, ही विनंती डॉक्टरसाहेबांना आहेच, पण बटण दाबणाऱ्या टेक्निशियनभाऊंना त्याहून जास्त.

काचेच्या आत

स्टँडवर दिसतं ते जाड डबडं म्हणजे ट्यूब नव्हे, ते हाउसिंग. त्याला आतून शिशाचा थर असतो आणि ते तेलाने भरलेलं असतं. खरी ट्यूब काचेची, त्या तेलात बुडालेली. काचेतली हवा पूर्ण काढलेली असते, नाहीतर इलेक्ट्रॉन वाटेतच हवेच्या कणांवर आपटतील.

एका टोकाला कॅथोड. त्यात टंगस्टनचं बारीक फिलामेंट, जुन्या पिवळ्या बल्बात असायचं तसंच. ते २००० अंश सेल्सिअसच्या वर तापलं की त्यातून इलेक्ट्रॉन सुटू लागतात. समोर अ‍ॅनोड, त्यावर टंगस्टनचं टार्गेट. दोघांमध्ये ४० ते १२५ हजार व्होल्टचा दाब दिला की इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने टार्गेटवर जाऊन आदळतात. टंगस्टनच्या अणूचं केंद्र जवळून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनला खेचतं, तो वळतो, मंदावतो आणि गमावलेली ऊर्जा एक्स-रे म्हणून बाहेर पडते. तुमच्या फोटोतले बहुतेक किरण असे ब्रेक लागून तयार झालेले असतात. साधारण ७० केव्हीच्या (म्हणजे ७० हजार व्होल्टच्या) वर आणखी एक प्रकार सुरू होतो : इलेक्ट्रॉन टंगस्टनच्या अगदी आतल्या कक्षेतल्या इलेक्ट्रॉनला हुसकावतो आणि ती रिकामी जागा भरताना ठरावीक ऊर्जेचा किरण निघतो.

राँटगेन यांनी ८ नोव्हेंबर १८९५ ला जर्मनीतल्या वुर्झबर्गला हे किरण पहिल्यांदा पाहिले, तेव्हा त्यांच्या नळीत तापतं फिलामेंट नव्हतं. त्या काळच्या नळ्यांत थोडा वायू उरलेला असे आणि त्याच्या लहरीवर सगळं अवलंबून असे. १९१३ मध्ये अमेरिकेत विल्यम कूलिज यांनी तापत्या टंगस्टन फिलामेंटची, पूर्ण निर्वात ट्यूब बनवली. तुमच्या पॅनेलवर एमए आणि केव्ही वेगवेगळे ठरवता येतात ते त्यामुळेच. एमए म्हणजे इलेक्ट्रॉन किती, केव्ही म्हणजे ते किती जोरात. पायाचा फोटो फिका आला म्हणून दोन्ही एकदम वाढवू नका.

उष्णतेचा हिशोब

७० केव्ही आणि १०० एमए म्हणजे ढोबळमानाने ७ किलोवॅट. विहिरीवरच्या ५ एचपीच्या दोन मोटारींची ताकद जवळपास एवढीच, आणि ती सगळी काही मिलिमीटरच्या ठिपक्यावर पडते. एक दशांश सेकंदात ७०० ज्यूल. त्यातले एक्स-रे किती? एक टक्काही नाही. बाकी सगळी उष्णता. टंगस्टन निवडलंय ते यासाठीच : त्याचा अणू जड, आणि ते वितळतं ३४०० अंशांच्या वर.

खोलीत कायम बसवलेल्या फिक्स मशीनमध्ये अ‍ॅनोडची तबकडी मिनिटाला सुमारे ३००० फेरे फिरते, म्हणजे मार एकाच जागी बसत नाही. निर्वातात तेल-ग्रीस चालत नाही, म्हणून तिच्या बेअरिंगला चांदीसारख्या धातूचं वंगण असतं. तबकडीची कड तिरपी असते. त्यामुळे उष्णता लांब पट्ट्यावर पसरते, पण खालून, रोग्याच्या बाजूने, तो पट्टा छोटा ठिपका दिसतो आणि फोटो स्पष्ट येतो. ही युक्ती आम्हाला आजही फार सुंदर वाटते.

छोट्या पोर्टेबल मशीनमध्ये तबकडी नसते. तांब्याच्या ठोकळ्यात टंगस्टनचा तुकडा बसवलेला असतो आणि उष्णता तांब्यातून तेलात जाते. अशा कित्येक मशीनमध्ये ट्यूबच एसीचं डीसी करते, म्हणजे उलट्या दिशेचा प्रवाह तिनेच अडवायचा असतो. अ‍ॅनोड फार तापला तर त्यातूनही इलेक्ट्रॉन सुटतात, उलटे जाऊन फिलामेंटवर आदळतात आणि ते जाळतात. कॅम्पमध्ये रांग लागली म्हणून पोर्टेबलवर धडाधड एक्सपोजर घेऊ नका. दोन फोटोंमध्ये किती थांबायचं ते मशीनच्या चार्टवर असतं; चार्ट हरवला असेल तर आमच्याकडून मागून घ्या.

हँडस्विचचा पहिला टप्पा दाबला की तबकडी फिरू लागते आणि फिलामेंट पूर्ण तापतं. रोग्याला “श्वास धरा” सांगत तो टप्पा अर्धा मिनिट दाबून ठेवला, तर टंगस्टनची वाफ होऊन काचेवर आरशासारखा थर बसतो. आधी रोग्याची पोझिशन, मग बटण.

एक चूक आमची

डिसेंबरातल्या एका सकाळी नवी ट्यूब बसवून झाली होती. घाईत आमच्याच माणसाने थंड तबकडीवर कमरेच्या मणक्याचं जड एक्सपोजर दिलं. टक्‌ असा आवाज आला, तबकडीला चीर गेली. दुसरी ट्यूब आम्ही पदरच्या पैशाने दिली. तेव्हापासून सगळ्यांना सांगतो : सकाळी, किंवा मशीन बराच वेळ बंद असेल तर, कोलिमेटर (किरणांच्या वाटेवरची झडप) पूर्ण बंद करून, खोलीत कोणी नसताना, कमी केव्ही-एमएवर दोन-तीन एक्सपोजर द्या. मग पहिला रोगी घ्या.

आपला उन्हाळा, आपली लाइन

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा हाउसिंगमधलं तेल सकाळीच कोमट असतं आणि निवायला दुप्पट धीर लागतो. कूलर लावा, पण त्याचा ओला वारा थेट हाय टेन्शन केबलच्या (ट्यूबला हजारो व्होल्ट पोचवणाऱ्या केबलच्या) टोकांवर येऊ देऊ नका. ओल शिरली की तिथे ठिणगी पडते.

शेताच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज बसतं. फिलामेंट किंचित कमी तापलं तरी इलेक्ट्रॉन एकदम कमी होतात, फोटो फिका येतो आणि टेक्निशियन सेटिंग वाढवतो. मोटारी बंद होतात, व्होल्टेज उसळतं, वाढवलेलं सेटिंग तसंच राहतं आणि ट्यूबवर भार पडतो. प्रत्येक फोटोआधी लाइन व्होल्टेजचा काटा पाहा, आधी तो जागेवर आणा.

हाउसिंगच्या खिडकीपाशी अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा असतो. फोटो घडवायला निरुपयोगी, नुसते कातडीत मुरणारे कमजोर किरण तो अडवतो. तो कधीही काढू नका. आणि रोगी विचारतातच : खोलीत किरणं राहतात का? नाही. दिवा बंद केला की उजेड राहत नाही, तसंच.

हाउसिंग स्वतः उघडू नका. ट्यूब बदलली की क्यूए (गुणवत्ता) चाचणी करूनच मशीन वापरात घ्या. फोन करताना एवढं पाहून सांगा : पहिल्या टप्प्याला तबकडीची घरघर ऐकू येते का, एक्सपोजरला एमएचा काटा हलतो, उसळतो की पडूनच राहतो, आणि हाउसिंगखाली तेलाचा थेंब दिसतो का. गाडीत ट्यूब टाकायची की केबल, ते आम्हाला इथूनच ठरवता येतं.