यादीतून गळलेला ‘ई’

एड्सच्या विषाणूचा जगभर पसरलेला प्रकार म्हणजे एचआयव्ही-१. त्याच्या मुख्य गटातले उपप्रकार ओळीनं वाचले तर ए, बी, सी, डी आणि मग एकदम एफ येतो. मधला ‘ई’ कुठे गेला, हे कळायला थायलंडला जावं लागतं.

१९८८ मध्ये बँकॉकमध्ये हेरॉइन टोचून घेणाऱ्यांतलं लागणीचं प्रमाण काही महिन्यांत एक टक्क्याच्या आसपासून तीस टक्क्यांच्या वर गेलं. जून १९८९ मध्ये उत्तरेकडच्या चियांग माईत कुंटणखान्यांतल्या स्त्रियांची तपासणी झाली, तर ४४ टक्के बाधित निघाल्या. सुयांमधली साथच तिथवर पोचली, असं कुणालाही वाटलं असतं. पण विषाणूच्या बाह्य आवरणाचं जनुक वाचल्यावर चित्र पालटलं. टोचून घेणाऱ्यांत प्रामुख्यानं ‘बी’ होता, कुंटणखान्यांत भलताच कुणीतरी. त्याला ‘ई’ म्हटलं गेलं.

म्हणून ‘बी’ला सुई आवडते आणि ‘ई’ला संभोग, असं मात्र नाही. ज्या गटात जो विषाणू आधी शिरला, तो तिथं पसरला, इतकंच. सुई काढता येणाऱ्या सिरिंजचा दट्ट्या तळापर्यंत दाबला तरी सुई बसते त्या बुडख्यात थोडं रक्त उरतं. शीर सापडली का हे बघायला आधी रक्त आत ओढलेलं असतंच. तीच सिरिंज लगेच दुसऱ्याच्या हातात गेली की जवळजवळ एकाच वाणाचा विषाणू अख्ख्या टोळक्यात जातो. पुढे ‘ई’ टोचून घेणाऱ्यांतही शिरला आणि तिथंही वरचढ झाला.

१९९६ मध्ये ‘ई’चा जवळपास सगळा जनुकसंच वाचून झाला आणि त्याचं बिंग फुटलं. आवरण ‘ई’चं, बाकीचा बराचसा भाग ‘ए’चा! शुद्ध ‘ई’ कधी सापडलाच नाही. आता या संकराला सीआरएफ०१-एई म्हणतात; सीआरएफ म्हणजे माणसांत पसरत राहिलेला संकर.

संकर होतो कसा? विषाणूच्या प्रत्येक कणात आरएनएच्या दोन प्रती असतात. एकाच पेशीत दोन उपप्रकार शिरले, तर बाहेर पडणाऱ्या कणात एक प्रत याची, एक त्याची येऊ शकते. पुढच्या पेशीत नक्कल करणारं विकर मधेच एका प्रतीवरून दुसरीवर उडी मारतं. त्यामुळे दोन उपप्रकारांच्या साथी जिथं एकमेकींना भेटतात, तिथं संकर शोधावेत. चीनच्या युन्नानमध्ये टोचून घेणाऱ्यांत थाई ‘बी’ आणि भारतीय वळणाचा ‘सी’ यांचे संकर रुजले. भारतात बहुतेक ठिकाणी ‘सी’चंच राज्य आहे, पण म्यानमारला लागून असलेल्या मणिपूरमध्ये टोचून घेणाऱ्यांत ‘सी’सोबत थाई ‘बी’ आणि दोघांचे संकरही सापडले.

प्रयोगशाळेत नेमकी इथंच चूक होते. विषाणूवर औषध चालेल का, या औषधरोधाच्या चाचणीसाठी त्याची विकरं घडवणाऱ्या पोल जनुकातली हजारभर अक्षरं वाचतात आणि त्यावरूनच उपप्रकार ठरवून मोकळे होतात. जनुकसंच मात्र सुमारे ९,७०० अक्षरांचा! दोन उपप्रकार जिथं जोडले गेले तो सांधा उरलेल्या भागात असला तर संकर शुद्ध ‘सी’ म्हणून नोंदला जातो. सांधा पकडायचा तर तीन-चारशे अक्षरांची खिडकी वीस-वीस अक्षरांनी पुढे सरकवत प्रत्येक टप्प्यावर साम्य कुणाशी, हे पाहावं लागतं. पुण्यातल्या रुग्णांचे सहा जनुकसंच १९९९ मध्ये असेच तपासले गेले, तेव्हा पाच ‘सी’ निघाले आणि एकात ‘ए’चे तुकडे सापडले.

लसकर्त्यांना हा तपशील टाळता येत नाही. थायलंडमधल्या सोळा हजारांवर लोकांवरच्या चाचणीत लसीतली आवरणप्रथिनं ‘बी’ आणि ‘ई’ची होती. २००९ मध्ये निकाल आला, संरक्षण ३१ टक्के. तीच कल्पना ‘सी’साठी बेतून दक्षिण आफ्रिकेत पाच हजारांवर लोकांवर तपासली, पण फायदा दिसेना म्हणून फेब्रुवारी २०२० मध्ये लस देणं थांबवलं. लसीचा परिणाम वाढवणारं सहायक द्रव्यही बदललेलं होतं आणि तिथं लागणीचं प्रमाणही कितीतरी जास्त, त्यामुळे सगळा दोष ‘सी’च्या माथी मारता येत नाही.