केमोनंतर मुंग्या पायाच्या बोटांतच का येतात?

इंदूरला रामबागेत नाहीतर राजवाड्यामागच्या गल्लीत कुणाची केमो सुरू असली आणि पायाला मुंग्या येऊ लागल्या, की घरचे ठरवून टाकतात: ‘औषधाची गरमी, दुसरं काय!’ मग काशाच्या वाटीने तळव्यांना तूप चोळणं सुरू होतं. गरमीचा इथे काही संबंध नाही. इजा झालेली असते मज्जातंतूंना.

पेशी विभागताना सूक्ष्मनलिका, म्हणजे पेशीतल्या बारीक नळ्या, गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढतात, हे शाळेत शिकलोच आहोत. केमोतलं पॅक्लिटॅक्सेल हे औषध या नलिका गोठवून टाकतं, व्हिन्क्रिस्टीन हे दुसरं औषध त्या बनूच देत नाही. कॅन्सरची पेशी विभागता विभागता अडकते आणि मरते. पण चेतापेशी, म्हणजे मज्जातंतूची पेशी, तर विभागतच नाही, मग तिला फटका का?

कारण तिला नलिका वेगळ्याच कामाला लागतात. अंगठ्याची संवेदना आणणारी पेशी कमरेपाशी, कण्याच्या शेजारी असते. तिचा धागा तिथून थेट अंगठ्यापर्यंत, जवळजवळ मीटरभर लांब. धाग्याला लागणारी बहुतेक प्रथिनं वर, कण्याशेजारी बनतात आणि नलिकांच्या रुळांवरून खाली जातात. सर्वांत वेगवान माल दिवसाला साधारण 40 सेंटिमीटर सरकतो, म्हणजे टोकापर्यंत अडीच दिवस! त्यातलं एनएमनॅट-2 हे एन्झाइम फार टिकत नाही, त्याचा पुरवठा सतत लागतो. तो तुटला की सार्म-1 नावाचं प्रथिन जागं होतं आणि धाग्यातला एनएडी हा ऊर्जेसाठी लागणारा रेणू फस्त करतं. धागा आतूनच मोडत जातो. ज्या उंदरांत सार्म-1 नसतं, त्यांच्या नसा याच औषधांपुढे बऱ्याच तग धरतात. मला हे फार विलक्षण वाटतं: मोडण्याची यंत्रणा नसेतच तयार बसलेली असते. धागा जितका लांब तितका धोका मोठा, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून.

सिस्प्लॅटिन, ऑक्सॅलिप्लॅटिन ही केमोची दुसरी औषधं थेट कण्याशेजारच्या पेशींत साठतात. त्यामुळे औषध थांबल्यावरही त्रास काही महिने वाढू शकतो.

नस आधीच दुबळी असेल तर हे सगळं लवकर घडतं. मधुमेह हे मोठं कारण. वाढतं वय आणि लठ्ठपणाही. शार्को-मारी-टूथ हा नसांचा आनुवंशिक आजार घराण्यात असेल, तर व्हिन्क्रिस्टीनने हातापायांतली ताकदच जाऊ शकते. लहान मुलांच्या ल्युकेमियात (रक्ताच्या कॅन्सरात) सीईपी72 या जनुकाचा एक प्रकार हाच धोका वाढवतो. आपल्याकडे बी12ची कमतरताही बघायला हवी: शुद्ध शाकाहारी घर, त्यात वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध, दोन्हींनी बी12 कमी पडतं.

व्हिन्क्रिस्टीन सदाफुलीतून मिळतं, म्हणून अंगणातली पानं उपाशीपोटी चावणारेही आहेत. कृपा करून हे करू नका. टनभर वाळल्या पानांतून ते जेमतेम काही ग्रॅम निघतं, आणि मोठ्या माणसालाही एका वेळी सहसा 2 मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत, इतकं ते नसांना जहाल आहे.

साखर आणि बी12 केमोआधीच तपासून घ्या. शर्टाचं बटण लावताना बोटं चाचपडतात, चप्पल निसटली तरी कळत नाही, असं काही जाणवलं तर पुढच्या सलाईनआधी डॉक्टरांना सांगा. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं. बधिर पाय गरम पाण्यात मात्र बुडवू नका, भाजल्याचं कळत नाही.