ड्रॉपर पोस्ट अधूनमधून बाहेर काढत जा
आम्ही बांधलेल्या स्टील हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेल्या सायकली) वापरणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गणपती झाले की आमच्या वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपमध्ये दरवर्षी तीच तक्रार यायला लागते : "ड्रॉपर बदलायचाय, पण पोस्ट निघत नाहीये." ड्रॉपर म्हणजे हँडलवरच्या लिव्हरने वर-खाली होणारी सीटची दांडी, म्हणजे पोस्ट. सायकल पावसाळाभर येऊरला, पारसिकला नाहीतर खारघरच्या टेकड्यांवर दणकून चाललेली असते. फ्रेम वरून नव्यासारखी दिसते. आत मात्र ॲल्युमिनियमची पोस्ट आणि स्टीलची सीट ट्यूब (पोस्ट जिच्यात बसते ती फ्रेमची उभी नळी) एकमेकींना घट्ट धरून बसलेल्या असतात. त्या सोडवण्यात आमचा अख्खा दिवस जातो आणि तुमचे पैसे. घरी वीस मिनिटं दिलीत तर हे दोन्ही वाचतं, म्हणून हे पत्रक.

काउंटरवर नेहमी ऐकू येणारा प्रश्न आधी घेऊ. "क्रोमोलीत क्रोम असतं ना, मग गंज कसा चढतो?" क्रोमोली म्हणजे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम घातलेलं स्टील. त्यातल्या 4130 जातीत क्रोमियम जेमतेम 1 टक्का असतं आणि मॉलिब्डेनम त्याहूनही कमी. ते घातलेलं असतं ताकदीसाठी. स्टेनलेस म्हणवून घ्यायला क्रोमियम किमान साडेदहा टक्के लागतं. पावडर कोटिंगही बाहेरच्या अंगालाच बसतं, नळीच्या आत जात नाही. बटेड नळीची (टोकांना जाड, मध्ये पातळ) भिंत मधल्या भागात एक मिलिमीटरपेक्षा पातळ असते, तेव्हा आतल्या गंजाकडे काणाडोळा करून चालत नाही. पण घाबरायचंही कारण नाही. आतून कोरडी ठेवलेली स्टीलची फ्रेम माणसाचं अर्ध आयुष्य सहज काढते.

पोस्ट जाम होण्याला मात्र स्टीलपेक्षा ॲल्युमिनियम जास्त जबाबदार आहे. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून आणि मध्ये खारट ओल, मग ती घामाची असो, चिखलाची असो की खाडीवरून येणाऱ्या दमट हवेची. अशा जोडीत ॲल्युमिनियम आधी खाल्लं जातं. त्याचा जो पांढरा थर तयार होतो तो मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापतो, आणि 31.6 मिमीच्या नळीत 31.6 मिमीची पोस्ट असताना तिथे जागा असतेच कुठे?

पूर्वी हा त्रास कमी होता, त्याचं कारण साधं आहे. उतार आला की आपण खाली उतरून क्विक रिलीज सैल करायचो, सीट दाबायचो, खाली पोचल्यावर पुन्हा वर घ्यायचो. पोस्ट रोज हलायची. ड्रॉपर आल्यापासून हलते ती फक्त वरची चकचकीत दांडी. फ्रेममध्ये रुतलेली खालची नळी एकदा बसवली की दोन दोन वर्षं जागची हलत नाही. शिवाय ड्रॉपरची केबल फ्रेमच्या आतून गेलेली, म्हणून तिला हात लावायलाही लोक बिचकतात. नेमकं हेच बिचकणं महागात पडतं.

काढायची कशी?

आधी पोस्ट जिथे फ्रेममध्ये शिरते तिथे इन्सुलेशन टेपचा एक वेढा द्या, म्हणजे परत बसवताना उंची शोधत बसावं लागणार नाही. सीट क्लॅम्पचा बोल्ट सैल करा. एका हाताने पोस्ट वर ओढा आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने फ्रेमच्या पुढच्या बाजूच्या भोकातून केबलचं आउटर (केबलवरची बाहेरची नळी) आत सरकवत राहा. आउटर न सरकवता नुसती पोस्ट ओढलीत तर खालच्या टोकाला केबल निसटते आणि मग ती पुन्हा अडकवायची वेगळी कसरत. यासाठीच आम्ही हँडलबारपाशी आउटर थोडं जास्त सोडतो. "हा लोंबता फास बरा दिसत नाही, कापून द्या" असं बरेच जण म्हणतात. कापून देऊ, पण पुढच्या वेळी पोस्ट काढायला आमच्याकडेच यावं लागेल.

पोस्ट बाहेर आली की फडक्याने पुसा आणि फडक्याकडे बघा. नुसतं काळपट ग्रीस दिसलं तर सगळं ठीक. पांढरट रवाळ चिकटा दिसला तर ॲल्युमिनियम खाल्लं जातंय. तांबूस दिसलं तर नळीत पाणी मुक्कामाला आहे. सायकल उलटी करा, काही वेळा चमचाभर निघतं, काही वेळा चहाचा कप भरेल इतकं. (सुलटी केल्यावर दोन्ही ब्रेक चार-पाच वेळा दाबून बघा, उलटं ठेवल्याने कधी कधी लिव्हर मऊ लागते.) नळीचं तोंड रात्रभर उघडं ठेवून आतून वाळू द्या. दुसऱ्या दिवशी आत आणि पोस्टवर पातळ ग्रीस फिरवा, टेपपर्यंत पोस्ट खाली घ्या, बोल्ट 5 न्यूटन मीटरला आवळा. त्याहून जास्त आवळलात तर ड्रॉपर वर यायला रडतो, आणि शिव्या खातो बिचारा ड्रॉपर बनवणारा. ग्रीसने पोस्ट खाली घसरत असेल तर कार्बनच्या भागांसाठी मिळणारी ग्रिप पेस्ट लावा, ती धातूवरही चालते. डब्ल्यूडी-40 मारून काम भागवू नका, ते ग्रीस नव्हे, महिनाभरात तिथे काहीच उरत नाही.

जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा, पुढे दिवाळीच्या साफसफाईत एकदा आणि होळीच्या सुमारास एकदा, एवढं पुरे.

बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलच्या दांड्यांचं बेअरिंग बसतं त्या जागेच्या) खाली एक बारीक भोक आहे, ते चुकून राहिलेलं नाही. आत आलेलं पाणी तिथून जावं म्हणून आम्ही मुद्दाम पाडतो. चिखलाने ते बुजतं, तेव्हा जुन्या स्पोकने कोरत जा. एम-सीलने बंद करून आणलेल्या फ्रेमही आम्ही पाहिल्यात. क्लॅम्प आवळता यावा म्हणून सीट ट्यूबच्या तोंडाशी असलेली फटही आम्ही पुढच्या बाजूला ठेवतो. मागे ठेवली की मागचं टायर थेट तिच्यावर फवारा मारतं. कारवाल्यांच्या सर्व्हिस सेंटरमध्ये प्रेशरने सायकल धुऊन घेणं मात्र बंद करा. त्या जोराचं पाणी क्लॅम्पमधून, बेअरिंगमधून, केबलच्या भोकांतून सगळीकडे शिरतं. नंतर सायकल बाल्कनीत प्लास्टिकचं कव्हर घालून ठेवली की ते आतच कोंडून राहतं.

आधीच अडकली असेल तर

पाना लावून ताकद अजमावू नका, आणि हीट गन तर अजिबात लावू नका. तापवल्यावर ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट फुगतं, म्हणजे पोस्ट आणखी घट्ट होते आणि रंग जातो तो वेगळाच. आम्ही उलट करतो. भेदक तेल रात्रभर मुरू देतो, पोस्ट थंड करतो, मग तिचं डोकं वाइसमध्ये धरून आख्खी फ्रेम हळूहळू फिरवतो. तेवढ्याने सुटली नाही तर पोस्ट कापून आतून हॅकसॉच्या पात्याने उभी चिरावी लागते, आणि शेवटी नळी रीमरने साफ करावी लागते. ड्रॉपर अर्थातच गेला. कॉस्टिक सोड्याने ॲल्युमिनियम विरघळतं आणि स्टील राहतं, हे इंटरनेटवरचं म्हणणं खरं आहे. पण त्यात उष्णता आणि हायड्रोजन दोन्ही निघतात, रंगाची वाट लागते आणि डोळेही जाऊ शकतात. सोसायटीच्या बाथरूममध्ये हा उद्योग नको.

या कामाचे पैसे आम्ही तासावर घेतो आणि ते वॉरंटीत बसत नाही. वॉरंटी आमच्या वेल्डिंगची आहे, न लावलेल्या ग्रीसची नाही.

फोर्कविषयी थोडक्यात. आमच्या हार्डटेल 140 मिमी दबणारा पुढचा सस्पेन्शन फोर्क धरून बांधलेल्या आहेत. फोर्कची उंची दर 10 मिमी वाढली की हेड अँगल (हँडलखालच्या हेड ट्यूबचा कल) साधारण अर्धा अंश आडवा होतो, आणि हेड ट्यूबच्या जोडावर येणारा ताणही वाढतो. 150 चालेल. 160 लावायचा असेल तर फोर्क विकत घेण्याआधी विचारा. फ्रेमचं वजन ॲल्युमिनियमपेक्षा जास्त भरतं, ते आम्ही लपवत नाही. पण दगडावर आपटून चेनस्टे (मागच्या चाकाकडे जाणारी खालची नळी) वाकला किंवा जोड तडकला तर स्टील पुन्हा वेल्ड करता येतं. तेच ॲल्युमिनियमचं झालं तर बहुतेक वेळा नवी फ्रेमच घ्यावी लागते.

मे महिन्यात आमच्याकडे पावसाळापूर्व सर्व्हिस असते. पोस्ट, बॉटम ब्रॅकेट आणि हेडसेट (हँडलखालची बेअरिंग) काढून साफ करतो आणि नळ्यांच्या आत उकळलेलं जवसाचं तेल फिरवतो. जुने फ्रेमवाले हेच वापरत, महागड्या स्प्रेइतकंच चांगलं काम होतं. घरी करणार असाल तर तेलाची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकते, पसरून वाळवा. आमच्याकडून फ्रेम घेतलेल्यांना पहिल्या वर्षी ही सर्व्हिस मोफत आहे. दुसरीकडून घेतलेली स्टीलची फ्रेमही आणा, काही हरकत नाही.

सर्व्हिसला सायकल धुऊन आणायची गरज नाही. चिखल कुठे बसलाय ते बघूनच पाणी कुठून शिरतंय ते आम्हाला कळतं.