स्पॅनिश भाषांतरासाठी मजकूर देताना आधी देश सांगा

मजकूर हातात आला की आम्ही पहिल्यांदा विचारतो, "माल कोणत्या देशात चाललाय?" पुष्कळदा उत्तर येते, "अहो, स्पॅनिश म्हणजे स्पॅनिश. देश कशाला हवा?" मग फोनाफोनी सुरू होते. तुमचा एजंट सापडेपर्यंत दोन दिवस जातात आणि तोवर कंटेनरची तारीख डोक्यावर आलेली असते. दर वेळी हेच होते, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

तुमचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. माद्रिदची भाषा अकादमी १७१३ सालची. आज तिच्यासह २३ अकादम्या मिळून शब्दकोश आणि शुद्धलेखन ठरवतात. त्यामुळे नागपूरचे वर्तमानपत्र जसे कोल्हापुरात अडखळल्याशिवाय वाचता येते, तसेच मेक्सिकोचे वर्तमानपत्र चिलीत वाचले जाते. पण भाषेचा पसारा बघा. २० देशांचा सरकारी कारभार स्पॅनिशमध्ये चालतो, त्यात आफ्रिकेतला इक्वेटोरिअल गिनीही आला. ती मातृभाषा असलेले लोक पन्नास कोटींच्या घरात आहेत आणि स्पेनची लोकसंख्या पाच कोटींच्या आसपास. म्हणजे तुमची पुस्तिका वाचणारा माणूस स्पेनचा असण्याची शक्यता दहात एक. एकट्या मेक्सिकोत साडेबारा कोटींहून जास्त लोक आहेत. अमेरिकेतही चार कोटींहून अधिक लोक घरात स्पॅनिश बोलतात.

ब्राझीलसाठी स्पॅनिश मागू नका. तिथे पोर्तुगीज चालते. स्पेन आणि पोर्तुगाल यांनी १४९४ च्या करारात नव्या मुलखांची वाटणी केली, त्याचा हा परिणाम.

आता रोजच्या वस्तूंकडे या. मोटारगाडी स्पेनमध्ये 'कोचे', कोलंबियात 'कार्रो', अर्जेंटिनात 'आउतो'. संगणक स्पेनमध्ये 'ऑर्देनादोर', अटलांटिकपलीकडच्या देशांत बहुतेक ठिकाणी 'कॉम्पुतादोरा'. हे शब्द चुकले तरी वाचणारा समजून घेतो. सगळेच शब्द तसे नसतात. मागे एक ग्राहक हातपंपाची छापून तयार असलेली पुस्तिका तपासायला घेऊन आले. 'दांडा दोन्ही हातांनी धरा' या वाक्यात धरण्यासाठी 'कोहेर' हे क्रियापद वापरले होते. स्पेनमध्ये ते साधे, घरगुती क्रियापद, बस पकडायलासुद्धा तेच. मेक्सिकोत आणि अर्जेंटिनात मात्र शरीरसंबंधासाठी वापरला जाणारा तो असभ्य शब्द आहे. माल अर्जेंटिनाच्या राजधानीत, ब्युनोस आयर्सला जायचा होता. सगळा गठ्ठा रद्दीत घालावा लागला. त्या गृहस्थांचा चेहरा आठवला की आजही वाईट वाटते.

शब्दांपेक्षा आकडे जास्त घात करतात. आपल्याकडे ड्रॉइंगवर शाफ्टचा व्यास १२.५०० मिमी असा लिहितात, म्हणजे साडेबारा. मेक्सिकोत आणि पेरूत टिंबाचा अर्थ आपल्यासारखाच घेतात. स्पेन, अर्जेंटिना, चिली, कोलंबिया इथे दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात आणि टिंब हजारांसाठी. तिथला माणूस तोच आकडा बारा हजार पाचशे असा वाचू शकतो. म्हणून देश कळल्याशिवाय आम्ही तांत्रिक तक्ते हातात घेत नाही. याला कोणी आडमुठेपणा म्हटले तरी चालेल. मोबाइलवरच्या फुकट भाषांतराला आमचा विरोध नाही. पण माल कुठे चाललाय हे ते आपणहून विचारत नाही.

पत्रव्यवहारात आणखी एक गोष्ट. आपल्याकडे शेवटचा शब्द आडनावाचा. तिकडे बहुधा दोन आडनावे असतात, आधी वडिलांचे आणि मग आईचे. कोलंबियाचे कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केस यांचे पहिले आडनाव गार्सिया. तेव्हा खरेदीदाराला पत्र लिहिताना नुसते शेवटचे नाव उचलू नका.

स्पॅनिश मजकूर इंग्रजीपेक्षा लांबतो, कधी कधी सव्वापट होतो. लेबलवर तेवढी जागा ठेवायला डिझायनरला आधीच सांगा.

स्पेनला शिकायला जाणाऱ्या मुलांची प्रमाणपत्रे आम्ही घेत नाही. त्यांना सहसा स्पेनच्या परराष्ट्र मंत्रालयाने नेमलेल्या शपथबद्ध अनुवादकाचीच सही लागते. उगाच आमच्याकडे पैसे घालवू नका.

देश अजून ठरला नसेल तर तसे मोकळेपणाने सांगा. शक्य तितके सगळीकडे चालतील असे शब्द घेऊन आम्ही एक मूळ प्रत करतो. पुढे त्या-त्या देशाची प्रत काढताना फक्त बदललेल्या ओळींचे पैसे घेतो. दोन-तीन देशांत माल पाठवणाऱ्यांना हे बरेच स्वस्त पडते.

छापण्याआधी शेवटचे प्रूफ मात्र आमच्याकडे परत पाठवा. स्पॅनिशमध्ये 'न'वर नागमोडी रेघ असलेले एक वेगळे अक्षर आहे आणि फाँट बदलला की ती रेघ उडते. रेघेसह 'आन्यो' म्हणजे वर्ष. रेघ गेली की 'आनो' उरते, म्हणजे गुदद्वार. वॉरंटी कार्डावर 'दोन वर्षे' हे शब्द असतातच, म्हणून आम्ही पहिल्यांदा तीच ओळ बघतो. या वाचनाचे वेगळे पैसे लावत नाही.